ओढ्याची हजेरी

चार पावसाळे एका भिंतीवर मावतात, हे मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पाहिलं. तोवर पावसाळा म्हणजे माझ्या लेखी ओली दप्तरं, गळकी कौलं आणि न पेटणारं सरपण एवढंच होतं. त्याला काही आकार असतो, तो डोळ्यांसमोर उभा करता येतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

ओतूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी कोळमाथा नावाचं गाव. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मी शिकवत होते. दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी आणि दुसरे संपत गुरुजी. माझं माहेर अवसरी बुद्रुक, सासर मंचर. पण हे लवकर गेले, मुलगा सासूबाईंजवळ वाढला आणि मी नोकरीच्या गावी एक खोली घेऊन राहिले. गावात मला सगळे नुसतं बाई म्हणत.

शाळेच्या मागून ओढा जायचा. उन्हाळ्यात त्यात नुसते दगड. पावसाळ्यात मात्र वर डोंगरावर सरी कोसळल्या की तासाभरात पाणी पुरुषभर चढायचं आणि लाल, फेसाळ होऊन धावायचं. ओढ्याच्या पलीकडे धनगरवस्ती होती, अकरा घरांची. मेंढरांच्या खुरांना चिखल सोसत नाही, म्हणून पाऊस लागायच्या आत वस्तीवरचे गडी मेंढरं घेऊन पारनेरच्या बाजूला कोरड्या रानात जात, ते दिवाळीला परत. मागे उरत बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. म्हणजे पोराला खांद्यावर घेऊन ओढा उतरवील असा गडी नेमका पावसाळ्यातच वस्तीवर नसे.

वस्तीवरून सात मुलं शाळेत येत. ओढ्याला पाणी आलं की सातही घरी. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे मी गैरहजेरीची खूण करी आणि पुढे शिकवायला लागे. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग शाळेत तांदळाची योजना आली. महिन्यात ज्याची हजेरी शंभरात ऐंशी भरेल, त्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं, की वस्तीवरच्या सातांपैकी एकाचीही हजेरी आषाढ-श्रावणात ऐंशी भरत नाही. गावातली मुलं, ज्यांच्या घरी धान्याच्या कणग्या, ती तांदूळ घेऊन जात आणि ज्यांच्या घरी पुरुष माणूस चार महिने नाही, त्यांची पिशवी रिकामी. त्या सातांतली आशा तेव्हा नुकतीच पहिलीत आली होती. तिनं पिशवी उलटी करून मला दाखवली. रागानं नव्हे, आत काही राहून गेलं असेल तर बाईंनी बघावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. ओढा भरून वाहत होता. मी पट उघडला आणि सातही नावांपुढे हजेरीची रेघ ओढली. सकाळची एक, दुपारची एक. त्यानंतर ओढ्याला पाणी आलं की मी तेच करत गेले. आशाची आई गजराबाई महिन्याच्या शेवटी तांदूळ न्यायला आली की माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. बोललो कधीच नाही.

ग्रामपंचायतीनं ओढ्यावर साकव मागितला होता. साकव म्हणजे माणसांना पायी जाण्याइतका लहान पूल. अर्ज दोनदा गेला, दोनदा परत आला. अठ्ठ्याण्णव साली तिसऱ्यांदा गेला, त्याला मात्र सविस्तर उत्तर आलं. सरपंच सोपानरावांनी ते मारुतीच्या देवळापुढे ग्रामसभेत वाचून दाखवलं. "सदर वस्तीवरील विद्यार्थ्यांची पावसाळी महिन्यांतील शालेय उपस्थिती सत्त्याण्णव टक्के असल्याने दळणवळणात खंड पडतो असे दिसून येत नाही."

"सत्त्याण्णव टक्के?" मागून कुणीतरी ओरडलं. "आपली पोरं मासं हायेत का, राव?"

सगळे हसले. मी पदर तोंडावर धरला. सत्त्याण्णव टक्के माझ्या हातचे होते. मी तांदूळ दिला होता आणि साकव काढून घेतला होता, एकाच रेघेनं. सभेत ते माझ्याशिवाय एकीलाच कळलं असेल. गजराबाई बायांच्या घोळक्यात शेवटी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

तरी तांदूळ बंद होईल म्हणून मी रेघा ओढतच राहिले. पुढच्या वर्षी, नव्व्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, आशा ओढ्यात पडली. ती तेव्हा चौथीत होती. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, तिला गाणं म्हणायचं होतं आणि आज तालीम चुकवली तर बाई दुसरीला पुढे उभं करतील असं तिच्या मनानं घेतलं. आई रानात गेलेली. ही एकटीच पाण्यात उतरली. खाली वळणावर करंजाच्या मुळ्या पाण्यात लोंबत होत्या, तिथं ती अडकली. आजोबा रखमाजी काठावर शेळ्या राखत होते. त्यांनी घोंगडीचं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला, आणि सत्तरीच्या वयात पाण्यात उतरून नातीला ओढून काढलं.

मी दोन दिवसांनी, पाणी ओसरल्यावर, वस्तीवर गेले. आशा चुलीपाशी बसली होती. कपाळावर खोक, हाताला खरचटलेलं. गजराबाईनं मला पाट दिला, पाणी दिलं आणि मग म्हणाली, "बाई, चौथी झाली की बास आता. पाचवीला वतूरला जायचं म्हंजी रोजचा वढा. मला लेक पायजे, शाळा नको."

"साकव झाला तर?"

"कवा व्हनार साकव?" ती म्हणाली. "तुमचं तांदूळ नको मला, बाई. लई उपकार झालं. मला साकव द्या."

मी घरी कशी आले ते आठवत नाही.

दिवाळीनंतर चांगदेवराव आले. पंचायत समितीत ते सांख्यिकीचे विस्तार अधिकारी होते. चाळिशीचा सडसडीत माणूस, एम-एटी गाडी, खांद्याला कापडी पिशवी. गावोगावच्या विहिरी, गुरं, कोंबड्या मोजायचं त्यांचं काम, त्यामुळे लोक त्यांना मोजणीवाले साहेब म्हणत आणि पाठीमागे थट्टा करत. समोरही करत.

"काय साहेब, मागल्या खेपेला कोंबड्या मोजल्या," सोपानराव म्हणाले, "आता काय मोजता?"

"ओढ्याचं पाणी."

"कशानं, वंजळीनं?"

"मिळालं तर वहीनं," चांगदेवराव म्हणाले.

ते सांगू लागले, ते असं. तालुक्याला नवे मोठे साहेब आले होते. साकव मागणारी गावं तेवीस आणि पैसे दोनच साकवांपुरते. एरवी ज्याची ओळख मोठी त्याचं काम व्हायचं. नव्या साहेबांनी सांगितलं होतं, मला कुणाची चिठ्ठी नको, आकडा आणा. गेल्या तीन पावसाळ्यांत वस्ती किती दिवस तुटली आणि तुटली तेव्हा किती माणसं अडकली. ज्यांचे आकडे मोठे आणि खात्रीचे, त्यांचं काम आधी.

"सगळे सांगतात, चार महिने तुटते," चांगदेवराव म्हणाले. "तेवीसही गावं तेच सांगतात. मला रोजच्या रोज लिहिलेलं काहीतरी पाहिजे. तुमच्या गावात रोज काय लिहिलं जातं?"

"डेरीवाला लिवतो की दूध."

"वस्तीवरून दूध येतं?"

"न्हाई. तिकडं शेरडं-मेंढरं."

"मग?"

सोपानरावांनी विचार केला आणि माझ्याकडे बोट केलं. "बाई लिवतात. हजेरी."

नाही म्हणायला मला कारण नव्हतं. मी कपाट उघडून पट काढून दिले.

चांगदेवराव तीन दिवस शाळेत बसले. वरच्या धरणावर रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजून लिहितात, त्याची नक्कल त्यांनी आणली होती. बारीक चौकोनांचे आलेखाचे कागद खळीनं एकमेकांना जोडून त्यांनी लांबलचक पट्ट्या केल्या. एका चौकोनाला एक दिवस. एका पट्टीवर एक पावसाळा. वरच्या ओळीत निळ्या पेन्सिलीनं धरणावरचा पाऊस, जितका जास्त तितका उंच खांब. मधल्या ओळीत गावातल्या मुलांची हजेरी. खालच्या ओळीत वस्तीवरच्या मुलांची. तीन वर्षांचे आकडे लागत होते: सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. चौथी पट्टी, तांदूळ सुरू व्हायच्या आधीच्या पंच्याण्णव सालची, त्यांनी नुसती ताडून बघायला केली. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी चारही पट्ट्या भिंतीवर एकाखाली एक लावल्या आणि मला हाक मारली.

मी दारातच उभी राहिले.

मी लिहिलेल्याच खुणा होत्या त्या. रोज सकाळी, मुलं गलका करत असताना, एक डोळा दारावर ठेवून ओढलेल्या रेघा. पण एकत्र जोडल्यावर त्या माझ्या राहिल्या नव्हत्या. पाऊस निळ्या बुरुजांसारखा उभा होता, कुठे एकटा, कुठे आठ-दहा दिवसांची सलग तटबंदी. तो वाढला की त्याच्या खालची गावातल्या मुलांची ओळ दचकल्यासारखी खाली यायची. ज्या मुलांना ओढा आडवा नव्हता, तीसुद्धा धो धो पावसात निम्मी घरीच राहत, हे मी रोज पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. नागपंचमीला ओळ खाली. शेजारच्या गावच्या बाजाराच्या दिवशी, दर आठवड्याला, एक बारीक खाच. अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात आठ दिवस गावातली मुलं कमी. तेव्हा डोळे आले होते साऱ्यांना, एकानंतर एक, मला आठवलं. पूर्ण गाव त्या भिंतीवर श्वास घेत होतं. देवळातल्या समईपुढे उभं राहिल्यावर होतं तसं मला झालं. डोक्यावरचा पदर मी सारखा केला.

"इकडे बघा," चांगदेवराव म्हणाले.

त्यांनी पंच्याण्णवच्या पट्टीवर बोट ठेवलं. प्रत्येक निळ्या बुरुजाखाली वस्तीच्या ओळीला खड्डा होता. बुरूज, खड्डा. बुरूज, खड्डा. सलग तीन बुरूज असले की तीन दिवसांचा खड्डा. पाऊस थांबल्यावर एक दिवसानं ओळ पुन्हा वर.

"हा ओढा," ते म्हणाले. "इथं तो नीट दिसतो. आता खाली बघा."

सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. तेच बुरूज. गावातली मुलं तशीच दचकलेली. आणि खाली वस्तीची ओळ सरळ, आखणीनं मारल्यासारखी. सातच्या सात.

"एरवी ही सात मुलं पूर्ण कधी येत नाहीत," चांगदेवराव हळूच म्हणाले. "कुणाला ताप, कुणी बाजाराला. हा एक भागू आहे पटावर, कोरड्या दिवसांतही तो आठवड्याला एक दांडी मारतोच. आणि ज्या दिवशी धरणावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी भागूसुद्धा हजर. शाळेशेजारची पोरं घरी आणि ओढ्यापलीकडची सगळी शाळेत." त्यांनी बोट पुन्हा पंच्याण्णवच्या पट्टीवर नेलं. "बाई, पंच्याण्णवला ओढा होता. नंतर तो कुठं गेला?"

मला वाटलं होतं, खोटं लिहिलं की खरं पुसलं जातं. ते पुसलं गेलं नव्हतं. मी जिथे जिथे ओढा झाकला होता, तिथे तिथे तो आणखी ठळक उमटला होता. त्या सरळ रेघेत त्याच्या पुराचा प्रत्येक दिवस मोजून घ्यावा असा होता, माझ्याच हातानं राखलेला. मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण आधी मी नुसती बघत राहिले.

"तांदळासाठी," मी म्हणाले. "मी केलं ते."

चांगदेवरावांनी मान हलवली. त्यांना ते कालच कळलं असावं.

"मी आकडे बदलू शकत नाही," ते म्हणाले. "आहे तसं पाठवलं तर पुन्हा सत्त्याण्णव टक्के जाईल आणि साकव जाईल. माझा अंदाज म्हणून ओढा दाखवला तर तो अंदाजच; तेवीस गावांत कुणी धरणार नाही. पट ज्यानं लिहिला, त्यानं लिहून दिलं की हे दिवस खोटे, तरच." ते पट्ट्या गुंडाळू लागले. "तुम्हाला निवृत्तीला किती वर्षं?"

"पाच."

"चौकशी लागेल, बाई. मी तुम्हाला लिहाच म्हणणार नाही. सोमवारी येतो."

दुसऱ्या दिवशी संपत गुरुजींना मी सांगितलं. ते चिडले. "बाई, गप बसा. पेन्शनला नख लावून घेऊ नका. अहो, सगळ्याच शाळांत थोडंबहुत चालतं. मोजणीवाल्याला काय, तो उद्या दुसऱ्या गावच्या म्हशी मोजील."

ते काळजीनंच बोलत होते, आणि दोन दिवस मला त्यांचं म्हणणं पटतही होतं. मग रविवारी सकाळी मी वस्तीवर गेले. गजराबाई, तिच्या शेजारची सोनीबाई, आणखी चौघीजणी अंगणात जमल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. तांदळाचंही. तांदूळ चुकीच्या हजेरीवर मिळाला असं लिहून द्यायचं म्हणजे उद्या कुणी परत मागेल, हेही सांगितलं.

"खाल्लेला तांदूळ कुटनं द्यायचा परत?" सोनीबाई म्हणाली. "पोटातनं काढून?"

"गप ग," गजराबाई म्हणाली. "बाईंची नोकरी जाती आन् तू तांदूळ धरून बसलीस." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "पर बाई, तुमी कंचं दिवस लिवनार? तुमाला ठावं हायेत का?"

तो प्रश्न मला पडलाच नव्हता. चांगदेवरावांच्या पट्टीवर संशयाचे दिवस होते, एक्याऐंशी. पण एक्याऐंशी दिवसांपैकी नेमके कोणते खोटे, हे मी तरी शपथेवर कसं सांगणार? तीन वर्षं झाली होती.

"मला नाहीत आठवत," मी म्हणाले.

"आमाला हायेत की," गजराबाई म्हणाली.

सोमवारी दुपारी त्या सहाजणी शाळेत आल्या. सोपानराव आले. गावच्या गुरवाकडून तीन वर्षांची जुनी पंचांगं मागवली. चांगदेवरावांनी भिंतीवर काहीच लावलं नाही, पट्ट्या गुंडाळून पिशवीत ठेवल्या आणि म्हणाले, "आधी या बोलतील. मग ताडून बघू. पट्ट्या बघून कुणी बोलायचं नाही."

बाया भिंतीला टेकून बसल्या. सुरुवातीला लाजल्या. मग सोनीबाई म्हणाली, "माझी म्हातारी गेली ती श्रावणातली. वढा भरल्याला. मातीला गावातलं एक मानूस न्हाई आलं. पाच दिस उतरला न्हाई."

"कोणत्या साली?"

"हिचा भागू दुसरीत व्हता," शेजारच्या बाईकडे बोट करून सोनीबाई म्हणाली.

"मग अठ्ठ्याण्णव," गजराबाई म्हणाली. "आन् तिथी चतुर्थी. उपास व्हता मला, म्हनून ध्यानात हाय."

गुरवानं पंचांग उघडलं. चांगदेवरावांनी तारीख लिहिली. पाच तारखा.

त्यानंतर त्या थांबेनात. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी काला न्यायचा राहिला. शेळी व्यायली ते दोन दिवस. मीठ संपलं आणि आठ दिवस अळणी खाल्लं. "आठ न्हाई, सात," दुसरी म्हणाली. "आठव्या दिशी म्या आनलं, लुगडं डोईवर बांधून." तिच्यावर सगळ्या हसल्या; ती म्हणाली, "हसा. तवा मीठ मागाया समद्या माझ्याच दारात व्हता." एकीचं बाळ अडलं होतं, सुईण अलीकडच्या काठावर उभी, मधे पाणी, तिनं काठावरूनच ओरडून काय करायचं ते सांगितलं. ते बाळ आता दोन वर्षांचं होतं आणि शाळेच्या उंबऱ्यात बसून खडू खात होतं. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं. "ह्यो बघा, ह्यो त्या दिशीचा." त्याच्या जन्माचा दिवस म्हणजे ओढ्याचा एक दिवस.

मला वाटायचं, मी लिहिते म्हणून गावात मीच एक हिशेबानं वागणारी. या बायांनी एक अक्षर न लिहिता तीन पावसाळे सांभाळून ठेवले होते. कुणी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत चौऱ्याहत्तर तारखा झाल्या. मग चांगदेवरावांनी पट्ट्या उलगडल्या, भिंतीला लावल्या आणि लाल पेन्सिल माझ्या हातात दिली. "मी तारीख वाचतो. तुम्ही ठिपका द्या."

ते वाचत गेले. मी चौकोन शोधून ठिपका देत गेले. पहिला ठिपका निळ्या बुरुजाखाली पडला. दुसरा, तिसरा. दहा झाले, वीस झाले. सोनीबाईच्या सासूच्या मरणाचे पाच ठिपके सलग तटबंदीच्या खाली, एकही इकडेतिकडे नाही. त्या बाळाचा ठिपका त्या वर्षातल्या सगळ्यात उंच बुरुजाखाली. धरणावरच्या कारकुनानं, ज्यानं ही वस्ती कधी पाहिली नव्हती, त्या सकाळी आठ वाजता लिहिलं होतं, एकशे बारा मिलिमीटर. आणि इथे एका बाईनं सांगितलं होतं, त्या दिवशी सुईणीचा आवाज पाण्याच्या वर येत नव्हता. दोघं एकच बोलत होती. बाया उठून भिंतीपाशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ठिपका निळ्याखाली पडला की त्या "हां" म्हणत, पुराणात बसल्यासारख्या. सोपानरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

चौऱ्याहत्तरांपैकी एकाहत्तर जुळले.

"तीन सोडा," चांगदेवराव म्हणाले. "आणि माझे जे दहा तुम्ही सांगितले नाहीत, तेही सोडा. दोन्हीकडून जुळलं तेवढंच लिहायचं."

"ते धा बी खरंच असतील की," सोपानराव म्हणाले. "घाला की राव, आकडा मोठा व्हईल."

"आकडा मोठा होईल," चांगदेवराव म्हणाले, "पण मग एकाहत्तरावरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

मी खाली बसले आणि लिहिलं. खालील एकाहत्तर दिवशी वस्तीवरील सात विद्यार्थी शाळेत आलेले नव्हते. त्यांची हजेरी मी स्वतः, तांदूळ मिळावा या हेतूने, खोटी लावली आहे. तारखा. सही. खाली सहा बायांचे अंगठे. गजराबाईनं अंगठा उठवताना विचारलं, "ह्येच्यात माझी आशा पानी पिली तो दिस हाय न्हवं?" मी तिला ठिपका दाखवला. चौदा ऑगस्ट. पटावर त्या दिवशीही आशा हजर होती. ती पाण्यात होती तेव्हा मी तिला हजर लावत होते. गजराबाईनं त्या ठिपक्याला बोट लावलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

जानेवारीत मला तालुक्याला बोलावलं. मोठे साहेब वयानं माझ्या मुलाएवढे. त्यांच्या टेबलावर आमच्या चारही पट्ट्या पसरल्या होत्या. ते बराच वेळ त्यावर ओणवे होऊन बघत होते. मग म्हणाले, "शिक्षा होणार, बाई. ती मला टाळता येणार नाही."

"माहीत आहे, साहेब."

"बाकी एकवीस गावांनी चार महिने लिहिलंय, म्हणजे एकशे वीस दिवस," ते म्हणाले. "आणि तुमच्या एकाहत्तरांवर मला सही करता येतेय." मग त्यांनी आणखी दोन कागद पुढे ओढले. चांगदेवरावांनी दुसऱ्या एका गावात डेरीच्या वहीवरून असंच काही काढलं होतं, त्यांचे चौऱ्याण्णव दिवस. ते पहिले, आम्ही दुसरे. साकव दोनच होते.

माझी एक वेतनवाढ रोखली गेली. तांदळाबद्दल कुणी काही विचारलं नाही. मी दोन वर्षं वाट पाहिली, मग सोडून दिलं.

साकव व्हायला मात्र सव्वा वर्ष लागलं. मधला एक पावसाळा आशा माझ्या खोलीवर राहिली आणि तिथून ओतूरला पाचवीला जात होती. गजराबाईनं तिला सोडताना बजावलं, "साकव व्हनार हाय म्हनून धाडते. फशिवलं तर घिऊन जाईन." दोन हजार एकच्या मे महिन्यात साकव पुरा झाला. अडीच हात रुंद, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. रखमाजी पहिल्या दिवशी त्यावरून सात वेळा गेले आणि सात वेळा आले, काही काम नसताना.

त्या वर्षी दिवाळीनंतर एम-एटीचा आवाज आला. चांगदेवराव. कोंबड्यांची मोजणी नव्हती, विहिरींची नव्हती.

"काम झाल्यावरही बघावं लागतं," ते म्हणाले, "झालं म्हणजे काय झालं ते. पट द्या, बाई. या वेळी तरी खरा आहे ना?"

"आहे," मी म्हणाले, आणि दोघंही हसलो.

दोन दिवसांत त्यांनी नवी पट्टी केली. वस्तीवरच्या बाया बातमी लागताच साकवावरून आल्या. मी त्या पट्टीपुढे पुन्हा उभी राहिले. निळे बुरूज होतेच; पाऊस काही आमच्यासाठी बदलला नव्हता. त्यांच्याखाली गावातल्या मुलांची ओळ दचकत होती. आणि त्याच्याखाली वस्तीची ओळ, तीही दचकत होती. अगदी तेवढीच. पाऊस फार झाला की दोन्हीकडची निम्मी पोरं घरी, ओसरला की दोन्हीकडची शाळेत. इतकी वर्षं मी त्या ओळीला सरळ करत होते. ती सरळ व्हायलाच नको होती. ती वरच्या ओळीसारखी व्हायला हवी होती. दोन काठांची मुलं एकाच कारणानं घरी राहिलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

गजराबाई पट्टीच्या अगदी जवळ जाऊन, डोळे बारीक करून शोधत होती.

"साहेब, ह्येच्यात माझी आशा कुटं हाय?"

"आशा यात नाही, मावशी," चांगदेवराव म्हणाले. "हा या शाळेचा पट. ती आता सहावीला, ओतूरला जाते."

"जाती की. रोज जाती. साकवावरनंच जाती."

"हो, पण ती या कागदावर येत नाही."

गजराबाईनं पुन्हा एकदा पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे वळली.

"मग तुमचा कागद अपुरा हाय," ती म्हणाली.

चांगदेवरावांनी पट्टीकडे पाहिलं, गजराबाईकडे पाहिलं, पिशवीतून एक कोरा आलेखाचा कागद काढला आणि खळीची वाटी माझ्याकडे मागितली.